साटा बदल, कण्याला हात लावू नको

मे २०१६. हदगावात दुपारचे दोन वाजलेले. मामाच्या घरामागच्या शेडमध्ये माझा मामेभाऊ उकिडवा बसला होता. हातात ब्रश, समोर थर्माकोलची एक मोठी कमान. गाडीच्या मागच्या चाकावर बसवायची ही फुगीर कमान त्यानं आठवडाभर कटरनं कोरून, घासून तयार केली होती. तिच्यावर त्यानं फायबरची चटई अंथरली आणि वरून रेझिन फिरवलं. दोन मिनिटांत ती कमान आमच्या डोळ्यांदेखत खाली बसायला लागली. उन्हात विसरलेल्या आइस्क्रीमसारखी. दादा ब्रश हातात धरून नुसता बघत राहिला.

"कशाचा वास यायला रे हा?" मामी स्वयंपाकघरातून ओरडली.

पॉलिएस्टर रेझिनमध्ये स्टायरीन असतं आणि ते थर्माकोलला विरघळवतं, हे आम्हाला त्या दिवशी कळलं. उरलेलं रेझिन मगात तसंच राहिलं होतं. त्यात हार्डनर पडलेलं, वर मराठवाड्यातला मे महिना. मग हाताला चटका बसेल इतका तापला आणि त्यातून धूर यायला लागला. मामीनं तो चिमट्यानं उचलून अंगणात टाकला.

गाडी होती २००४ सालची मित्सुबिशी लान्सर, सेकंडहँड. दादाला तिची इव्हो करायची होती. रॅलीतली ती चारही चाकांवर फुगलेली इव्होल्यूशन त्याच्या भिंतीवर, मोबाइलवर आणि डोक्यात होती. पैसे नव्हते, गॅरेज नव्हतं, पण शेड होती आणि मे महिना रिकामा होता.

त्या महिन्यात मी त्याचा हेल्पर होतो. पुढे काय झालं ते सांगतोच. पण नंतर माझ्या डोक्यात एक प्रश्न राहून गेला. गाडीचं अंग आपल्या हातानं बदलावं ही हौस आली कुठून? आणि ती कुठपर्यंत ठीक आहे? उत्तर शोधत गेलो तर ते इंटरनेटवरच्या व्हिडिओंपेक्षा बरंच जुनं निघालं. आणि सुरुवातच आमच्या जुन्या सरकारपासून झाली.

निजामाची पिवळी गाडी

१७ सप्टेंबर १९४८ पर्यंत आमचं हदगाव निजामाच्या हैदराबाद संस्थानात होतं. या संस्थानाच्या सहाव्या निजामानं, महबूब अली खाननं, लंडनहून एक रोल्स-रॉइस सिल्व्हर घोस्ट मागवली. गाडी येण्याआधीच, १९११ मध्ये, तो वारला. ती वापरली सातव्या निजामानं, मीर उस्मान अली खाननं. पिवळ्या रंगाची, घुमटासारख्या उंच छताची ही गाडी. मागची सीट म्हणजे चक्क सिंहासन. म्हणून तिला 'थ्रोन कार' म्हणतात. ती समारंभांपुरतीच बाहेर निघायची. कित्येक वर्षांत ती काही शे मैलच चालली.

यात एक गोष्ट नीट बघण्यासारखी आहे. ही गाडी रोल्स-रॉइसनं बनवली असं आपण म्हणतो, पण तिचा घुमट, सिंहासन, दारं यातलं काहीच रोल्स-रॉइसनं बनवलेलं नव्हतं. ती कंपनी तेव्हा फक्त चासी विकायची. लोखंडी सांगाडा, इंजिन, चाकं, स्टिअरिंग. त्यावरचं अंग गिऱ्हाईक आपल्या पसंतीच्या कारागिराकडून बांधून घ्यायचं. निजामाच्या गाडीचं अंग बांधलं लंडनच्या बार्कर कंपनीनं. ही कंपनी १७१० पासून घोड्यांच्या बग्ग्या बांधत होती. बग्गी बांधणारेच सुतार, लोहार, चर्मकार, रंगारी आता मोटारी बांधायला लागले होते. रोल्स-रॉइसनं स्वतःच्या कारखान्यातून अंगासकट पूर्ण गाडी द्यायला सुरुवात केली ती दुसऱ्या महायुद्धानंतर.

म्हणजे सुरुवातीची कितीतरी वर्षं महागडी मोटार ही कस्टमच असायची. 'कंपनी फिटेड' ही नंतरची गोष्ट.

हौसेला मर्यादा नव्हतीच. कोलकात्यात रॉबर्ट मॅथ्यूसन नावाचा एक श्रीमंत इंग्रज होता. त्यानं १९१० मध्ये इंग्लंडमधल्या ब्रूक कंपनीकडून हंसाच्या आकाराची गाडी बांधून घेतली. चोच गरम पाण्याची वाफ सोडायची. गाडी रस्त्यावर आली तेव्हा एवढा गोंधळ उडाला की पोलिसांनी तिच्यावर बंदी घातली. पुढे ती नाभाच्या महाराजांकडे गेली आणि आज नेदरलँड्समधल्या हेगच्या संग्रहालयात उभी आहे. आपल्याकडे कोल्हापूरला राजाराम महाराजांच्या काळातली भगव्या रंगाची मेबॅक आहे. दसऱ्याला ती बाहेर निघते तेव्हा लोक देवाच्या पालखीसारखं तिच्याकडे बघतात.

राजेरजवाड्यांचं ठीक आहे, तुम्ही म्हणाल. पण हीच पद्धत खाली आमच्या गावातही होती. माझ्या मामाचे वडील बैलगाड्या बांधायचे. बैलगाडी दोन हिश्श्यांची असते. खाली कणा, म्हणजे दोन चाकांना जोडणारा आस, आणि चाकं. वर साटा, म्हणजे गाडीचा सांगाडा, ज्यात माल भरतात, माणसं बसतात. कापसाला साटा वेगळा, उसाला वेगळा. लग्नाला जायची दमणी वेगळी, तिला वरून छत. शंकरपटात पळवायचा छकडा तर इतका हलका की त्यावर एक माणूस जेमतेम उभा राहील. आमच्या भागातली खरी स्पोर्ट्स कार तीच. गिऱ्हाईक म्हणेल तसा साटा, पण कण्याचं माप सुतार ठरवायचा. त्यात गिऱ्हाइकाचं काही चालायचं नाही.

लंडनचा बार्कर आणि हदगावचा सुतार एकाच नियमानं काम करत होते. भार उचलणारा भाग वेगळा, दिसणारा भाग वेगळा. दिसणारा भाग तुमचा.

पत्रा भार उचलायला लागला

हा नियम मोडला तो १९२२ मध्ये इटलीत. लान्सिया कंपनीच्या लॅम्ब्डा या गाडीला वेगळी चासीच नव्हती. अंग हाच सांगाडा. १९३४ मध्ये फ्रान्सच्या सिट्रोएननं ट्रॅक्शन अव्हांमध्ये ही पद्धत मोठ्या प्रमाणावर आणली. याला मोनोकॉक म्हणतात. अंड्याचं कवच डोळ्यापुढे आणा. आत हाडं नाहीत, सगळी ताकद कवचात आहे.

गाड्या हलक्या झाल्या, स्वस्त झाल्या, ठेंगण्या झाल्या. मुंबईच्या कुर्ल्यात बनणारी आपली पद्मिनी मोनोकॉकच होती. आज तुम्ही-आम्ही चालवतो त्या बहुतेक छोट्या गाड्या मोनोकॉक आहेत. जीप, मोठ्या एसयूव्ही, पिकअप, ट्रक यांत अजून खाली शिडीसारखी चासी असते. म्हणूनच आमच्याकडच्या काळी-पिवळी कमांडर जीपना मागून बाकडी वाढवता आली, टप बदलता आले, ट्रकना गावोगावी बॉडी बांधता आली. खालचा कणा शाबूत होता.

मोनोकॉक गाडीत मात्र कोणता पत्रा नुसता दाखवायचा आणि कोणता भार उचलायचा हे बाहेरून कळत नाही. पुढचं मडगार्ड नटबोल्टवर बसतं, काढलं तर गाडीचं काही बिघडत नाही. मागच्या चाकावरचा पत्रा मात्र छतापासून डिकीपर्यंत वेल्ड केलेला असतो. चाकाच्या कमानीच्या काठावर आतला आणि बाहेरचा असे दोन पत्रे एकमेकांना टाके मारून जोडलेले असतात. तो काठ म्हणजे शिवण आहे. पुढचं आणि मागचं दिसायला सारखंच असतं, रंगही एकच असतो.

माझ्या दादाला हे माहीत नव्हतं. मलाही नव्हतं.

फुगलेली चाकं

मग ही फुगीर चाकांची फॅशन आली कुठून? तर शर्यतीतून, आणि कामासाठी आली.

रुंद टायरला पकड जास्त. टायर रुंद केलं की ते मडगार्डबाहेर येतं, मग त्याला झाकायला कमान हवी. १९७६ मध्ये पोर्शेनं शर्यतीसाठी ९३४ आणली, तिच्या कमानी फायबरच्या आणि वरून ठोकलेल्या होत्या. त्यांचे रिव्हेट लपवायची कोणी तसदी घेतली नाही. कमान तुटली तर पटकन बदलता यावी, एवढाच हिशेब. आज हौशी गाड्यांवर जे उघडे स्क्रू मुद्दाम दाखवतात, ती त्या घाईची नक्कल आहे.

दादाच्या इव्होचंही असंच. रॅलीच्या त्या वर्गात गाडी उतरवायची तर तशी गाडी किमान २,५०० लोकांना विकायची असा नियम होता. म्हणून मित्सुबिशीनं १९९२ पासून साध्या लान्सरवरून इव्होल्यूशन काढली. फिनलंडच्या टॉमी मॅकिननं तिच्यावर १९९६ ते १९९९ अशी ओळीनं चार वर्षं जागतिक रॅली अजिंक्यपदं घेतली. तिचं फुगलेलं अंग ही त्या कामाची खूण होती.

कामाची वस्तू हौसेची होण्यात फायबरचा हात मोठा. पत्रा वाकवायला कारखान्यात प्रेस लागतो, साचे लागतात, ते महाग. काचेचे धागे आणि रेझिन यांना मात्र ब्रश आणि वेळ पुरतो. शेव्हरोलेनं १९५३ मध्ये पहिली कोर्व्हेट फायबरच्या अंगाची काढली. त्या वर्षी फक्त ३०० गाड्या निघाल्या, हातानं बांधलेल्या. ते बघून अमेरिका, इंग्लंडमधल्या कितीतरी लोकांना वाटलं, हे तर आपल्या परसातही होईल. तिथून घरी गाडीचं अंग बांधणाऱ्यांची एक अख्खी पिढी उभी राहिली. आपल्याकडे १९९०च्या दशकाच्या शेवटी गोव्यात सॅन स्टॉर्म नावाची छोटी दोन सीटची गाडी निघाली. अंग फायबरचं, इंजिन रेनोचं. फार विकली गेली नाही, पण भारतात बनलेली स्पोर्ट्स कार म्हणून लोक अजून तिची आठवण काढतात.

जपानमध्ये अकिरा नाकाई नावाचा एक माणूस आहे. तो गिऱ्हाइकाच्या गावी जातो, मग ते कोणत्याही देशात असो. त्याची लाखोंची पोर्शे पुढ्यात घेतो आणि स्वतःच्या हातानं तिच्या चाकांवरचा पत्रा कापतो. मग रुंद कमानी बसवतो. दादानं त्याचे व्हिडिओ शंभरदा बघितले होते. व्हिडिओत कापण्याचा आवाज आणि ठिणग्या दिसतात. कापल्यावर आतली शिवण पुन्हा कशी जोडायची, ते काम मात्र दहा सेकंदांत पुढे सरकतं.

आणि आमच्या पिढीचं खरं मूळ सांगायचं तर 'टार्झन: द वंडर कार'. २००४ चा सिनेमा. त्यातली ती जांभळी गाडी मुंबईच्या दिलीप छाब्रियांनी बांधली होती, टोयोटा एमआर२ वर नवं अंग चढवून. छाब्रिया अमेरिकेत डिझाइन शिकून परत आले होते. १९९३ मध्ये त्यांनी डीसी डिझाइन सुरू केलं आणि 'डीसी केलेली गाडी' हा आपल्याकडे वाक्प्रचारच झाला. मी आणि दादानं तो सिनेमा सीडीवर पाहिला. मी सिनेमा विसरलो. दादा गाडी विसरला नाही.

मूर्तिकाराचा धडा

थर्माकोल विरघळल्यावर दादा दोन दिवस शेडकडे फिरकला नाही. तिसऱ्या दिवशी तो गल्लीतल्या गणपती बनवणाऱ्या काकांकडे गेला. त्यांना गाडीतलं काही कळत नव्हतं, पण साच्यातलं सगळं कळत होतं.

काका म्हणाले, "आधी मातीचं कर. मग मातीवरून साचा काढ. मग साच्यात माल भर. तू उलटं करायलास."

आणि दुसरी गोष्ट सांगितली: "साच्यातून बाहेर यायला वाट ठेव. आत वळलेला काठ ठेवलास तर फोडूनच काढावं लागंल."

मग आम्ही गाडीवर टेप आणि प्लास्टिक लावून मातीनं कमान घडवली. गाडीचं पॉलिश तीनदा चोळून वर फायबरचा साचा काढला. साच्याला परत पॉलिश, मग आत चटईचे तीन थर. काम पहाटे पाच ते आठ. त्यानंतर ऊन चढलं की रेझिन ब्रशवरच घट्ट व्हायचं. हार्डनर शेकडा एकाच्या आसपास, उन्हाळ्यात त्याहून जास्त नको, हे मगाच्या धुरानं शिकवलंच होतं. काचेच्या बारीक धाग्यांनी अंगाला इतकी खाज सुटायची की रात्री झोप येत नसे. तोंडाला रुमाल बांधून आम्ही ते घासलं. ती चूकच होती. ती धूळ फुप्फुसात जाते. नीट मास्क नसेल तर कोणी हे करू नये.

पुढच्या दोन कमानी मस्त बसल्या. दादानं शहाणपणा एक केला होता. नांदेडच्या भंगारातून पुढची जुनी मडगार्डं आणली होती. कापायची ती कापली, मूळची शेडमध्ये गुंडाळून ठेवली.

मग मागची डावी बाजू. दादानं ग्राइंडर लावला आणि व्हिडिओत बघितलं तसं कमानीचा काठ दोन इंच कापत गेला. ठिणग्या उडाल्या. काठ खाली पडला आणि आतला पत्रा, बाहेरचा पत्रा यांच्यामध्ये बोट जाईल एवढी फट उघडली. दादा म्हणाला, फायबर बसलं की झाकलं जाईल.

तेवढ्यात मामा शेतातून आला. आयुष्यभर सुतारकाम, मग ट्रॅक्टरच्या ट्रॉल्यांचं वेल्डिंग केलेला माणूस. गाडीची मोनोकॉक काय असते हे त्यानं कधी ऐकलं नव्हतं. त्यानं फटीत बोट घातलं, आत फिरवलं, डिकी उघडून आतून बघितलं. मग ग्राइंडरची पिन काढली.

"हे काय करायलास रे? हिला खाली कणा नाही. हाच कणा हाय."

दादा म्हणाला, "अण्णा, नुसता काठ हाय तो."

"काठ नाही. शिवण हाय. साटा बदल की पाहिजे तितका. कण्याला हात लावू नको."

मी नंतर कितीतरी वाचलं, पण मोनोकॉकबद्दल याच्यापेक्षा सोपं मला कोणी सांगितलेलं नाही.

उजवी बाजू वाचली. तिच्यावर दादानं न कापता, चार स्क्रूंवर पातळ कमान बसवली. टायर साधेच राहिले. जूनमध्ये गाडीला रंग लागला. तुळजापूर–नागपूर रस्त्यावर ती निघाली की पोरं मोबाइल काढायची. दादा खूश होता आणि मीही होतो.

कायद्याचं बोट

हदगावच्या शेडपासून दिल्लीच्या कायद्यापर्यंत अंतर फार नाही. १९८८च्या मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ गाडीतल्या बदलांबद्दल आहे. २००० साली ते दुरुस्त करून कडक केलं. कंपनीनं मूळ जे नमूद केलंय आणि नोंदणीत जे लिहिलंय, त्यात फरक पडेल असा बदल मालकानं करायचा नाही. ९ जानेवारी २०१९ ला सर्वोच्च न्यायालयानं केरळच्या एका प्रकरणात हाच अर्थ पक्का केला आणि उच्च न्यायालयाचा सैल निकाल रद्द केला. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनं मालकाला प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही, अशी शिक्षा आली. अपंग व्यक्तींसाठी गाडी बदलणं, सीएनजी बसवणं अशा काही वाटा मंजुरी घेऊन उघड्या आहेत. रंग बदलला तर तो आरसीवर चढवावा लागतो.

त्याआधी डिसेंबर २०१७ मध्ये केंद्रानं राज्यांना गाड्यांपुढच्या लोखंडी बंपर-गार्डवर कारवाई करायला सांगितलं होतं. आमच्याकडे बोलेरो, स्कॉर्पिओला तो गार्ड म्हणजे कपाळावरचं कुंकू. पण गाडीचं नाक धडकेत चेपायलाच बनवलेलं असतं. धक्का त्यात मुरतो आणि एअरबॅगला इशारा जातो. मध्ये लोखंड घातलं की धक्का सरळ चासीवर जातो. आणि समोर पायी चालणारा असेल तर त्याला ते लोखंड लागतं. आम्ही ज्याला मजबुती समजतो, ती माणसाच्या जिवावर येते.

म्हणजे कायद्याला जे भय आहे, ते मामाच्या बोटाला फटीत जाणवलं तेच आहे. ते खोटं नाही. पण मामानं साटा आणि कणा वेगळा केला. कायदा तो फरक सहसा करत नाही. न कापता चार स्क्रूंवर बसवलेली कमान आणि कापलेली शिवण, दोन्ही एकाच तागडीत.

आणि हे फक्त पोरांच्या हौसेचं नाही. इचलकरंजीचे शंकरराव कुलकर्णी फारसं शालेय शिक्षण नसताना १९४०च्या दशकात स्वतः छोटी मोटार बांधायला बसले. १९४९ मध्ये त्यांची पहिली दोन सीटची 'मीरा' तयार झाली. पुढची वीस वर्षं ते ती सुधारत राहिले. स्वस्त, साधी, आपल्या माणसासाठी. ती कधी कारखान्यातून मोठ्या संख्येनं निघाली नाही. लायसन्स-परमिटच्या त्या काळात एकट्या कारागिराला दार नव्हतं.

सत्तर वर्षांनी सांगलीच्या देवराष्ट्रे गावात, म्हणजे यशवंतराव चव्हाणांच्या जन्मगावात, दत्तात्रय लोहार यांनी भंगारातून मुलासाठी छोटी जीप बनवली. मोटारसायकलसारखी किक मारून चालू होणारी. डिसेंबर २०२१ मध्ये तिचा व्हिडिओ देशभर फिरला. आनंद महिंद्रांनी कौतुक केलं आणि त्याच दमात सांगितलं की नियमात बसत नाही म्हणून अधिकारी ही गाडी आज ना उद्या थांबवतील, त्यापेक्षा तिच्या बदल्यात बोलेरो घ्या. जानेवारी २०२२ मध्ये लोहारांना बोलेरो मिळाली. गोष्ट गोड आहे. पण मला दर वेळी त्यातलं मधलं वाक्य टोचतं. गाडी चालत होती, लोकांना आवडली होती. तिला तपासून 'हे बरोबर, हे चूक, एवढं दुरुस्त कर' असं सांगणारं कोणी नव्हतं. एक तर बक्षीस, नाहीतर बंदी.

इंग्लंडमध्ये घरी बांधलेल्या एकाच गाडीची स्वतंत्र तपासणी होते. ब्रेक, दिवे, कडा, सीटबेल्ट सगळं मोजतात. पास झाली तर नंबर मिळतो, नाही झाली तर काय चुकलं ते लिहून देतात. जर्मनीत बदललेला सुटा भागही तपासून कागदावर चढवतात. तिथले लोक आपल्यापेक्षा शहाणे आहेत म्हणून नाही. तिथे दार आहे, म्हणून चूक दाराशीच पकडली जाते. आपल्याकडे दार नाही, म्हणून चूक शेडमध्ये, फायबरखाली झाकून राहते.

ऑगस्ट २०१९

खाजगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची. दादाच्या लान्सरची ऑगस्ट २०१९ मध्ये संपत होती. नूतनीकरणासाठी तपासणी, आणि तपासणीला गाडी मूळ रूपात पाहिजे.

पुढच्या कमानी अर्ध्या तासात निघाल्या. गुंडाळून ठेवलेली मूळ मडगार्डं परत बसली. उजवीकडचे चार स्क्रू निघाले, भोकं बुजवली. डावीकडची कमान काढली तेव्हा आम्ही दोघं गप्प झालो. तीन पावसाळ्यांचा चिखल त्या फटीत साचला होता. आतला पत्रा इतका गंजला होता की स्क्रूड्रायव्हर टोचला तर आरपार गेला. याच सीटवर मागे माझ्या बहिणीची दोन पोरं बसून आम्ही माहूरला जाऊन आलो होतो.

मामानं ते काम डेंटरकडे दिलं नाही. भंगारातल्या दुसऱ्या लान्सरचा तोच भाग कापून आणला, गंजलेलं सगळं काढलं आणि आतला पत्रा आधी, बाहेरचा नंतर, असे टाके मारत दोन दिवस बसला. दादा बाजूला पकड धरून. बोलणं झालं नाही फारसं. शेवटचा टाका झाल्यावर मामा एवढंच म्हणाला, "आता बंद झाली."

गाडी पास झाली. दादानं ती दोन वर्षांनी विकली.

त्याला गाड्या सजवायचं दुकान टाकायचं होतं. ते झालं नाही. आज तो नांदेडमध्ये ट्रॅव्हल्सच्या बसचे फुटलेले फायबर बंपर दुरुस्त करतो. साचा, चटई, रेझिन सगळं तेच. काम नियमात आहे आणि पोट भरतं. तीन पोरं त्याच्या हाताखाली आहेत. त्यांना तो पहिल्याच दिवशी दोन गोष्टी सांगतो. एक थर्माकोलची. दुसरी सांगायच्या आधी तो त्यांना बसखाली वाकून चासी बघायला लावतो, मग शेजारी उभ्या असलेल्या कुठल्यातरी छोट्या गाडीखाली वाकायला सांगतो आणि विचारतो, "हिचा कणा कुठं हाय, दाखवा."

पोरं शोधत बसतात. त्यांना तो सापडला की मगच तो ग्राइंडरला हात लावू देतो.